पान सतरावरचा खुनी

दहिसर (पूर्व)
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

मा. ग्रंथपाल,
नवविचार वाचनालय, बोरीवली (पश्चिम) यांस,

विषय : खुन्याचे नाव अकाली उघड झाल्याबाबत तक्रार.

महोदया,

सविनय निवेदन असे की, माझे तीर्थरूप अण्णा यांनी आपल्या वाचनालयातून 'आठव्या मजल्यावरचा पाहुणा' ही रहस्यकथा विश्वासाने घरी आणली. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, ते पान सतरावर पोहोचले. प्रेत नुकतेच सापडले होते, पुरते थंडही झाले नव्हते. तेवढ्यात समासात पेन्सिलीने लिहिलेले दिसले की खून कंपाउंडरने केला आहे. कंपाउंडर तोवर कथेत आलेलासुद्धा नव्हता. अण्णांनी त्याच क्षणी पुस्तक मिटले, चष्मा काढला आणि संध्याकाळचा चहा घेतला नाही. आमच्या घरात यापूर्वी चहा फक्त सुतकात नाकारला गेला आहे.

संघमित्रा, आता 'महोदया' पुरे. तू हसते आहेस हे मला इथून दिसतंय.

पुरावा मी पाहिलेला नाही. अण्णांनी आठवडाभर ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं आणि कुणाला हात लावू दिला नाही, ठसे पुसले जातील म्हणून. मग गेल्या शनिवारी येऊन तुझ्या काउंटरवर आदळलं. तू नेमकी भाचीच्या लग्नाला अकोल्याला. तीस वर्षं मी कॉलेजात संस्कृत शिकवतो. आमच्याकडे नाटक सुरू होण्याआधीच सूत्रधार येऊन कथा सांगून जातो आणि प्रेक्षक तक्रार करत नाहीत. हे मी अण्णांना समजावून पाहिलं. ते म्हणाले, "तुमच्या नाटकांत खून होत नाहीत, म्हणून चालतं."

आता मुद्द्याचं. अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आठवड्याचे सहा दिवस ते शनिवारची वाट बघण्यात काढतात. शनिवारी दहाला इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन्सिल, बस, तुझं वाचनालय, तिथे दोन तास, उतरल्यावर खाली एक वडापाव (पद्मजाला म्हणजे माझ्या बायकोला तो माहीत नाही असा त्यांचा समज आहे) आणि बगलेत एक नवा खून घेऊन घरी. आता म्हणतात, सभासदत्व बंद करणार. खुनी सतराव्या पानावरच पकडला जात असेल तर जायचं कशाला? युक्तिवादात खोट काढता येत नाही. पण त्यांचा शनिवार गेला तर उरलेल्या सहा दिवसांचं काय करायचं, हे मला सुचत नाही.

तेव्हा त्या पेन्सिलवाल्याला शोध आणि अण्णांचं मन वळव. हे पत्र अण्णांच्याच हातून, पुस्तकाच्या खाकी कव्हराच्या आत खोचून पाठवतोय. उत्तरही तसंच पाठव. फोन केला तर आमच्या दोन खोल्यांत ती जाहीर सभा होते, आणि मेसेज केला की तू एक अंगठा पाठवून मोकळी होतेस.

तुझा
केयूर


बोरीवली
शनिवार, ११ जानेवारी

केयूर,

अर्ज मिळाला. 'तीर्थरूप' आणि 'अकाली' वाचून वाटलं, तू अजून संस्कृतच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलायस आणि मी शेजारच्या पालीच्या वर्गातून तुला खिडकीतून खडू मारतेय. तेव्हाही नेम चुकत नव्हता.

अण्णा आत्ता समोरच्या टेबलावर आहेत. रुसलेत, पण आलेत. मी चहा पाठवला, तो घेतला. तुझ्या घरचं सुतक फिटलं असं समज.

पुस्तक मी पाहिलं. तुला वाचनालयातली एक जुनी रीत सांगते. आमच्या जुन्या वाचकांची प्रत्येकाची एक खूण असते आणि ती सतराव्या पानावर घालायची असते. कुणी पाकळ्या काढतं, कुणी त्रिकोण, एक बाई नुसता कुंकवाचा ठिपका लावतात. पुस्तक हातात घेतलं की आधी पान सतरा उघडायचं, आपली खूण दिसली की हे वाचलंय म्हणून परत ठेवायचं. चारशे रहस्यकथा वाचल्यावर मुखपृष्ठावरचा सुरा आणि मेणबत्ती बघून काय डोंबल कळणार? दर वर्षी मी नियमाची पाटी लावते की पुस्तकावर लिहू नये, आणि दर वर्षी ते पाटीखाली बसून लिहितात. तेव्हा सतरावर पेन्सिल असणं नवं नाही. खुन्याचं नाव असणं नवं आहे.

चौकशी चालू आहे. गुन्हेगार नियमित सभासद आहे, चांगल्या घरातला आहे, अक्षर सुवाच्य आहे. सध्या एवढंच.

अण्णांना या वेळी 'विहिरीवरची सभा' देतेय. सात संशयित, एक विहीर, आणि पान सतरा मी स्वतः तपासलंय, कोरं आहे. 'लाल दिव्याची मोटार' मागत होते, ते दिलं नाही. त्यात खुनी कोण हे लेखकालाही शेवटच्या दोन पानांत ठरवावं लागलंय. पोलिसांच्या आठवणींचं एक कपाट पण आहे आमच्याकडे, खऱ्या खुनांचं. त्याकडे त्यांनी अजून बघितलेलं नाही. म्हणाले, "खऱ्यात मजा नसते." बघू.

संघमित्रा


दहिसर
शुक्रवार, २४ जानेवारी

संघमित्रा,

आमच्याकडे स्थालीपुलाकन्याय म्हणतात. हंडीतलं एक शीत दाबून बघितलं की सगळा भात शिजला की नाही ते कळतं. मी एक शीत दाबलं आहे. त्याचं नाव गुणाजी.

अण्णांच्या समोरच्या खुर्चीवर बसणारे, पाणीखात्यातून निवृत्त झालेले, कणकवलीकडचे. अण्णांच्या साक्षीनुसार हे गृहस्थ प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापासून वाचतात आणि मग अण्णांकडे बघून हसतात. हेतू सिद्ध, संधी सिद्ध, स्वभाव तर स्वयंसिद्ध. गेल्या शनिवारी अण्णांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं म्हणे. तू होतीस ना? घरी येऊन पद्मजाला त्यांनी त्याचं पूर्ण वर्णन ऐकवलं, त्यात गुणाजींची वाक्यंच नव्हती. आता अण्णांची अट अशी की एक तर गुणाजींना काढा, नाही तर ते स्वतः राजीनामा देतात. वाचनालयाच्या सभासदाला राजीनामा देता येतो का, हे घटनेत बघून सांग.

'विहिरीवरची सभा' मात्र त्यांना आवडलेलं दिसतंय. दोन आठवडे झाले, पान नव्वद. एरवी तीन दिवसांत उडवतात. सात संशयितांची नावं त्यांनी कागदावर लिहून उशाशी ठेवली आहेत, चवीचवीने वाचतात. तारीख वाढवून दे.

पद्मजा विचारतेय, तुमच्याकडे नवऱ्याला न मारणाऱ्या बायकांची पुस्तकं आहेत का. मी म्हटलं, त्यांना 'इतर' या कपाटात ठेवतात.

केयूर


बोरीवली
शनिवार, २५ जानेवारी

केयूर,

तुझा भात कच्चा आहे.

गुणाजींचा उजवा हात दोन वर्षांपासून चालत नाही. झटका आला होता. वाचनालयात सहीच्या जागी रबरी शिक्का मारतात. अण्णांनी विचारलं तेव्हा ते रागावले पण नाहीत रे. एवढंच म्हणाले, "माका खुनी ठावक असलो तर मी गप बसान मजा बघतलंय. लिवन कित्याक दाखवू?" आख्खं टेबल हसलं. अण्णा हसले नाहीत. ते वाक्य घरी पोचलं नाही त्याचं कारण हे.

आता संशयितांची यादी बंद कर. मी दोन रबरं आणली आणि अकरा पुस्तकं साफ केली. हो, अकरा. प्रकरण मिटलं, असं अण्णांना मी सांगितलंय. तूही तेच सांग. आणि खरंच, यार, आता खोदू नकोस.

तारीख वाढवली आहे. घाई करू नको म्हणावं.

संघमित्रा


दहिसर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय संघमित्रा,

तक्रार मागे घेत आहे. गुणाजींना माझा नमस्कार सांग.

अण्णा उद्या येतील ते शेवटचे. पुढे पुस्तकं मी महिन्यातून एकदा येऊन बदलून नेत जाईन. पद्मजाचंही तेच मत पडलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

केयूर


बोरीवली
शनिवार, १५ फेब्रुवारी

केयूर,

आठ ओळींत तू कॉलेजपासून एकदाही थांबलेला नाहीस. साधी रजेची चिठ्ठी दीड पान लिहायचास. म्हणजे 'विहिरीवरची सभा' घरी संपली आणि तू पान सतरा उघडून पाहिलंस.

मीही आज सकाळी पाहिलं. "खुनी, एक. धाकटी जाऊ. सापडली पान १९६. दि. ५/२/२५." आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सगळं लिहिते.

तुझा अर्ज आला त्या दिवशीच मला कळलं होतं. कंपाउंडरच्या पानावर असं होतं : "खुनी, एक. कंपाउंडर. सापडला पान २११. दि. ९/३/२४." असं कोण लिहितं? तूच कॉलेजात सांगायचास की तुझे वडील रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसात आहेत आणि घरी भाजीची पिशवी आली तरी तिला चिठ्ठी लागते, काय, किती, कुठे सापडलं. त्याच्याच वर त्यांची जुनी खूण होती, गोलातला अ, पुसट झालेला. म्हणजे ते पुस्तक त्यांनी एकदा वाचलं, खूण केली. मग पुन्हा वाचलं, खुन्याचं नाव लिहिलं. आणि तिसऱ्यांदा नेलं तेव्हा ते अक्षर कुणा नालायकाचं आहे म्हणून भडकले.

बाकी दहा पुस्तकांत तेच. आधीच्या वर्षांत नुसता अ. गेल्या दीड वर्षात अ ऐवजी चिठ्ठी. मला वाटतं त्यांना नुसता अ बघून वाचलंय एवढं कळायचं, काय वाचलं ते आठवायचं नाही. म्हणून तो माणूस स्वतःसाठी लिहून ठेवत होता, कुणाला न सांगता. याला मी गुन्हा कसा म्हणू? खोडलं ते मात्र मी चुकले. वाटलं, पुढच्या वेळी त्यांचा चहा चुकू नये. तू न कळता सुखात राहशील असंही वाटलं. तेवढ्यात तू गुणाजींना फाशी द्यायला निघालास.

आता माझं ऐक. रहस्यकथा बंद. मी त्यांना खऱ्या खुनांच्या कपाटाकडे वळवलंय. तिथे खुन्याचं नाव मुखपृष्ठावरच असतं, फोटोसकट. सतराव्या पानावर कुणी काहीही लिहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. एकच पुस्तक तीनदा नेलं तरी चालतं, कारण कोण हा प्रश्नच नसतो, कसा सापडला एवढंच असतं. पहिलं दिलंय ते एका निवृत्त इन्स्पेक्टरचं आहे. चौदा खुनी, प्रत्येकाला बारा पानं. एका बैठकीत एक संपतो, मधे विसरायला जागा नाही.

आणि शनिवार तोडू नकोस. ते जिना चढून आले की मी तुला मिस्ड कॉल देईन, बसमध्ये चढले की दुसरा. माझ्या खिडकीतून स्टॉप दिसतो. डॉक्टरांकडे जरूर ने, आधीच न्यायला हवं होतंस. पण पुस्तकं तू आणून दिलीस तर त्यांना फक्त पुस्तकं मिळतील रे.

पाकीट डिंकाने चिकटवतेय.

संघमित्रा

(याच कागदाच्या खाली, पेन्सिलीने)

पत्र, एक. पाकिटात. सापडले : पुस्तकाच्या कव्हरात, बसमध्ये, दि. १५/२/२५. मालकाचा पत्ता शोधण्यासाठी नियमाप्रमाणे उघडले. मालक : केयूर.

चि. केयूर,
तुमची पत्रे जानेवारीपासून वाचतो आहे. बाईंनी डिंक फार लावला, आधीचे बरे होते. 'विहिरीवरची सभा' संपली तेव्हा चिठ्ठी लिहायला पेन्सिल काढली आणि अक्षर ओळखले. कंपाउंडरवाला बदमाश मीच. सांगायला लाज वाटली. आज गुणाजीची माफी मागितली, वडापाव दिला. तो डाव्या हाताने खातो, मला माहीत नव्हते.
डॉक्टरकडे येतो. शनिवारीही येतो, म्हणजे जातो. पद्मजाला सांग.
अण्णा


दहिसर
शुक्रवार, २८ फेब्रुवारी

प्रिय संघमित्रा,

हे पत्र पोस्टाने येतंय, पंचवीस पैशांच्या काळातल्यासारखं. आमच्या पोस्टमनने नियमाकडे बोट दाखवून माझं टपाल दीड महिना फोडलं, म्हणून तात्पुरती त्याची बदली केली आहे.

आधी बातम्या. डॉक्टरांना भेटलो. शांत बाई आहेत. त्यांनी अण्णांना तीन शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी विचारले. अण्णांना एक आठवला. दोन कुठे गेले असतील, असं त्यांनी बाईंनाच विचारलं आणि म्हणाले, "आमच्या ऑफिसात तीन महिने ठेवत होतो. मग लिलाव." बाई हसल्या. गोळ्या चालू झाल्या आहेत. बाई म्हणाल्या, आठवण हळूहळू जाईल, पण जे आवडीने करतात ते करू द्या. पद्मजाने तिथेच ठरवलं की शनिवार चालू राहील आणि वडापाव तिला सहा वर्षांपासून माहीत आहे हेही सांगून टाकलं. वडापावचं उघड होणं अण्णांना कंपाउंडरपेक्षा जास्त लागलं.

तुझा इन्स्पेक्टर झकास निघाला. अण्णा रोज दुपारी एक खुनी संपवतात आणि चहाला आम्हाला सांगतात. त्यांचं मत असं बनलं आहे की खऱ्या खुन्यांना अक्कल नसते. एकाने म्हणे सुरा धुऊन पुन्हा शेजारणीलाच परत दिला, कारण तिच्याकडूनच मागून आणला होता. "कथेत असं लिहिलं तर लेखकाला हाकलतील," अण्णा म्हणाले. तो सुरेवाला त्यांनी आम्हाला या आठवड्यात दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा जास्त रंगला. मी आणि पद्मजाने दोन्ही वेळा विचारलं, "परत दिला?" आणि अण्णा दोन्ही वेळा खूश झाले. खरं सांगतो, घरात इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मी वर्गातून येतो तो आज कोण पकडला गेला हे ऐकायला.

तू मला बावीस फेब्रुवारीला दोन मिस्ड कॉल दिलेस. अकरा वाजून चार आणि एक वाजून दहा. मधल्या वेळात मी पाचवीच्या मुलासारखा घड्याळ बघत बसलो होतो हे तुला सांगायला हरकत नाही. तू अण्णांची अक्षरं खोडलीस त्याचा राग नाही. मीही खोडली असती. पण आता खोडू नकोस.

काल त्यांचा शनिवारचा शर्ट इस्त्रीला द्यायला काढला. खिशात पेन्सिल होती आणि एक पुठ्ठ्याची चिठ्ठी, भोक पाडून दोरा ओवलेली, ऑफिसात सामानाला बांधायचे तशी. त्यावर लिहिलेलं उतरवतो : "म्हातारा, एक. चष्म्यासकट. सापडल्यास नवविचार वाचनालय, बोरीवली येथे जमा करावा. मालक : केयूर, दहिसर." खाली माझा फोन नंबर, बरोबर होता.

मी चिठ्ठी पुन्हा खिशात ठेवली आणि शर्ट इस्त्रीला दिलाच नाही, घरीच केली. पद्मजाला दाखवली नाही. तुला सांगतोय.

ते हरवले तर कुणीतरी ती चिठ्ठी वाचेल आणि तुझ्याकडे आणून सोडेल, त्याची मला काळजी नाही. मला भीती वाटते ती वेगळी आहे. एखाद्या शनिवारी ते तुझ्या टेबलाशी बसून स्वतःच ती चिठ्ठी काढतील, वाचतील आणि हा केयूर कोण, असं तुला विचारतील. तसं विचारलं तर पत्र लिहू नकोस. लगेच फोन कर.

तुझा
केयूर